चष्मा चुकीचा बनवून मिळाला तर तक्रार कशी करावी

नवा चष्मा लावल्यावर डोके दुखते, अक्षरांना सावली येते किंवा जमीन तिरपी वाटते, असे सांगायला माणूस दुकानात गेला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: "थोडे दिवस घाला, सवय होईल." हे उत्तर पुष्कळदा खरे असते, आणि म्हणूनच ते खरे नसते तेव्हा ओळखणे अवघड जाते. माझ्या आईने अशा उत्तरावर विसंबून तीन आठवडे काढले. जिन्याची पायरी नेमकी कुठे संपते ते तिला कळेना, म्हणून ती कठड्याला धरून उतरू लागली. संध्याकाळी देवळात जाणे तिने बंद केले, आणि दोष स्वतःच्या वयाला देत राहिली. दुकानदार तिला "मावशी, प्रोग्रेसिव्ह काचेला महिना लागतोच" असे अगदी आपुलकीने सांगत होता. (प्रोग्रेसिव्ह म्हणजे दूरपासून जवळपर्यंतचे नंबर एकाच काचेत हळूहळू बदलत जाणारी काच.) चौथ्या आठवड्यात मी तो चष्मा दुसऱ्या एका दुकानात नेऊन मशीनवर नुसता मोजून घेतला, तेव्हा उजव्या काचेचा अक्ष, म्हणजे नंबर बसवण्याचा कोन, १०० निघाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत तो १० होता. डॉक्टरांनी १० या आकड्याच्या डोक्यावर अंशाचे लहानसे वर्तुळ काढले होते, आणि ते वाचणाऱ्याला शून्यासारखे दिसले होते.

ती चिठ्ठी आणि मशीनवर निघालेला नंबर, असे दोन कागद शेजारी ठेवल्यावर पहिल्या दुकानदाराने एका शब्दानेही वाद घातला नाही आणि सहा दिवसांत काच बदलून दिली. तीन आठवडे आम्ही "दिसत नाही" असे सांगत होतो आणि ते "दिसेल" असे सांगत होते. त्या बोलण्याला अंत नव्हता. चष्म्याची तक्रार दृष्टीच्या वर्णनावर उभी करू नये, ती दोन आकड्यांमधल्या फरकावर उभी करावी. पुढे जे लिहिले आहे ते सारे हा फरक कसा शोधावा, कसा लिहून घ्यावा आणि कोणापुढे ठेवावा याबद्दल आहे.

आधी चिठ्ठी नीट वाचावी

चष्म्याच्या चिठ्ठीत प्रत्येक डोळ्यासाठी एक ओळ असते. उजव्या डोळ्यासाठी आरई किंवा ओडी, आणि डाव्यासाठी एलई किंवा ओएस अशी अक्षरे लिहिलेली असतात. त्यापुढे पहिला आकडा स्फेरिकल, म्हणजे सर्व दिशांना सारख्या असणाऱ्या, नंबराचा असतो. तो उणे असेल तर दूरचे दिसण्यात अडचण आहे आणि अधिक असेल तर प्लसचा नंबर आहे, असे सर्वसाधारणपणे समजावे. दुसरा आकडा सिलिंड्रिकल, म्हणजे एकाच दिशेत लागणाऱ्या, नंबराचा, आणि तिसरा, म्हणजे अ‍ॅक्सिस किंवा अक्ष, हा सिलिंड्रिकल नंबर काचेत कोणत्या कोनात बसवायचा ते सांगणारा, १ ते १८० यांमधला आकडा असतो. चाळिशी लागलेल्यांच्या चिठ्ठीत यापुढे 'अ‍ॅड' असा जवळचा वाढीव नंबर असतो. हे सारे नंबर, अक्ष सोडून, पावाच्या टप्प्याने वाढतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन ही आपली मोजणी चष्म्याच्या नंबराला इतकी चपखल बसते की दुकानात फोनवर नंबर सांगताना आजही तीच वापरली जाते.

अक्षाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि त्यातली चूक सर्वांत जास्त छळते, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक सांगतो. सिलिंड्रिकल नंबर बरोबर असून त्याचा अक्ष १० अंशांनी चुकला, तर त्या नंबराच्या सुमारे एक तृतीयांश इतका दोष डोळ्यापुढे शिल्लक राहतो. अक्ष ३० अंशांनी चुकला, तर शिल्लक दोष मूळ सिलिंड्रिकल नंबराएवढाच होतो, म्हणजे तो नंबर काचेत घालून काहीही उपयोग होत नाही. आणि अक्ष ९० अंशांनी चुकला, तर शिल्लक दोष दुप्पट होतो. आईचा सिलिंड्रिकल नंबर दीड होता. चुकलेल्या काचेतून पाहताना तिच्यापुढे तीन नंबराचा दोष उभा राहत होता, म्हणजे त्या डोळ्याला चष्म्याशिवाय होता त्यापेक्षा दुप्पट. अशा काचेची सवय होण्याची वाट पाहण्यात काहीच अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट तक्रार करण्यापूर्वी माहीत असायलाच हवी, कारण ती माहीत नसल्यामुळे निर्दोष दुकानदारावर आरोप होतो. एकच काच दोन रीतींनी लिहिता येते. चिठ्ठीत 'उणे २.००, सिलिंड्रिकल अधिक १.००, अक्ष ९०' असे लिहिले असेल आणि दुकानाच्या कार्डावर 'उणे १.००, सिलिंड्रिकल उणे १.००, अक्ष १८०' असे असेल, तर ते दोन वेगळे नंबर नाहीत. पहिले दोन आकडे चिन्हासकट मिळवले की नवा स्फेरिकल नंबर मिळतो, सिलिंड्रिकलचे चिन्ह उलटते आणि अक्ष ९० ने बदलतो. हा हिशेब कागदावर एकदा करून पाहिल्याशिवाय "नंबर वेगळा आहे" असे म्हणू नये.

घरच्या घरी काय पाहता येते

दुकानात जाण्याआधी घरी पाच मिनिटे दिल्यास चूक कोणत्या जातीची आहे याचा अंदाज येतो. प्रथम एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, मग डोळे बदलावे, आणि शेवटी दोन्ही डोळ्यांनी पाहावे. एखाद्या डोळ्याने एकट्याने पाहतानाच अंधुक दिसत असेल, तर त्या काचेचा नंबर किंवा अक्ष चुकला असण्याची शक्यता आहे. याउलट प्रत्येक डोळ्याने वेगवेगळे पाहताना स्वच्छ दिसते, पण दोन्ही उघडले की ताण येतो, डोके जड होते किंवा वस्तू दोन दिसतात, असे असेल तर काचांचे मध्यबिंदू बाहुल्यांसमोर आलेले नाहीत असा संशय घ्यावा.

त्यानंतर चष्मा हातभर अंतरावर धरून एका काचेतून खिडकीचा उभा गज पाहावा. काच डावी-उजवीकडे हलवली असता काचेतला गज काचेबरोबरच सरकला तर तो मायनस नंबर आहे, आणि उलट दिशेला सरकला तर प्लस. आता काच गाडीच्या स्टिअरिंगसारखी थोडी गोल फिरवावी. सिलिंड्रिकल नंबर असेल तर काचेतला गज बाहेरच्या गजाशी तिरका होताना स्पष्ट दिसतो, आणि नसेल तर तो सरळच राहतो. चिठ्ठीत सिलिंड्रिकल नंबर चांगला एक-दीडचा असताना गज मुळीच तिरका होत नसेल, तर तो नंबर काचेत घातलेलाच नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल तर हीच रीत डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल झाली आहे का हे पाहण्यासाठी चालते, कारण मायनस नंबर जितका जास्त तितकी काचेतली वस्तू लहान दिसते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या) चष्म्यात हे सारे काचेच्या वरच्या भागातून पाहावे.

प्रोग्रेसिव्ह काचेत आणखी एक पुरावा दडलेला असतो. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती उजेडासमोर तिरकी धरली की दोन अगदी बारीक खुणा दिसतात. त्या एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर कोरलेल्या असतात. कानाकडच्या खुणेखाली वाढीव नंबर आणि नाकाकडच्या खुणेखाली काच बनवणाऱ्या कंपनीचे किंवा काचेच्या प्रकाराचे चिन्ह असते. तुम्ही ज्या काचेचे पैसे दिले तीच बसवली आहे का, आणि वाढीव नंबर चिठ्ठीप्रमाणे आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. दुकानातून चष्म्याबरोबर काचेचे कार्ड किंवा छापील पाकीट मिळाले असेल तर त्यावरच्या मजकुराशी या खुणा ताडून पाहाव्यात. ते पाकीट फेकून देऊ नये.

मशीनवर मोजून घेणे

घरच्या पाहणीने संशय पक्का होतो, पण पुरावा तयार होतो तो लेन्सोमीटरवर. काचेचा नंबर मोजणारे हे यंत्र जवळजवळ प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असते, आणि नुसता नंबर मोजून देण्याला कोणी नकार दिल्याचे मला तरी आठवत नाही. शक्यतो नेत्ररोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातील ऑप्टोमेट्रिस्टकडून, म्हणजे नंबर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, मोजून घ्यावे, कारण ती व्यक्ती तुम्हाला दुसरा चष्मा विकायला बसलेली नसते. मोजलेले आकडे तोंडी ऐकून परत येऊ नये. यंत्र छापील पट्टी देत असेल तर ती घ्यावी, नसेल तर लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर तारीख, शिक्का व सही यांसह आकडे लिहून घ्यावेत. छापील पट्टीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढावा. दोन्ही काचांच्या मध्यबिंदूंतील अंतरही मोजून मागावे. ते बहुतेक लोक विसरतात.

आकडे हातात आल्यावर सगळ्याच फरकांना चूक म्हणता येत नाही. काच हा बनवलेला पदार्थ आहे आणि त्यात थोडी सूट गृहीत धरलेली असते. फ्रेममध्ये बसवलेल्या काचांसाठी आयएसओ २१९८७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि अमेरिकेतले आन्सी झेड८०.१ हे मानकही या व्यवसायात सर्वत्र परिचित आहे. त्या अमेरिकन मानकानुसार साध्या एकनंबरी काचेत साडेसहापर्यंतच्या नंबरात ०.१३ इतका, म्हणजे पावाच्या निम्मा, फरक चालतो. अक्षाची सूट सिलिंड्रिकल नंबरावर अवलंबून असते: पाव नंबराला १४ अंश, अर्ध्याला ७, पाऊणला ५, त्यापुढे दीडपर्यंत ३, आणि दीडच्या वर फक्त २ अंश. म्हणजे पाव सिलिंड्रिकलचा अक्ष १० अंश इकडेतिकडे झाला म्हणून भांडायला जाणे योग्य नाही, पण दोन नंबराचा अक्ष १० अंशांनी चुकला असेल तर ती काच नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण आधार आहे.

मध्यबिंदूंच्या चुकीचा हिशेबही सोपा आहे आणि तो तक्रारीत लिहिला की समोरच्याला विषय कळणारा माणूस भेटला आहे हे लगेच समजते. बाहुलीपासून काचेचा मध्यबिंदू जितका सरकला, ते अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन नंबराने गुणले की डोळ्यावर लादलेल्या प्रिझमचा, म्हणजे काचेतून प्रकाश एका बाजूला वळल्याने येणाऱ्या ताणाचा, आकडा मिळतो. तुमच्या बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ६२ मिलिमीटर आहे, नंबर दोन्हीकडे उणे पाच आहे आणि काचा ६८ मिलिमीटर धरून बसवल्या आहेत असे समजा. मग प्रत्येक काच ३ मिलिमीटर, म्हणजे ०.३ सेंटिमीटर सरकली. पाचाने गुणता प्रत्येक डोळ्यावर दीड आणि दोन्ही मिळून तीन प्रिझमचा ताण आला. अर्ध्या नंबराच्या चष्म्यात हीच सहा मिलिमीटरची चूक कळणारही नाही. आडव्या दिशेतला ताण डोळे काही प्रमाणात सोसतात, परंतु एक काच दुसरीपेक्षा वर किंवा खाली बसली असेल तर जास्त नंबरात एक-दोन मिलिमीटरचा फरकही त्रास देतो.

चूक नेमकी कोणाची

काच चिठ्ठीबरहुकूम नसेल तर चूक दुकानाची आहे. काच दुकानाने स्वतः घासली की बाहेरच्या लॅबमधून करून आणली, याच्याशी ग्राहकाचा संबंध नाही, कारण पैसे दुकानाने घेतले आहेत आणि बिलावर नाव दुकानाचे आहे. पीडी आणि काचेची उंची चुकली असेल तरीही जबाबदारी बहुधा दुकानाचीच असते, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीत हे आकडे सहसा नसतात आणि ते दुकानातच घ्यावे लागतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्याची ऑर्डर देताना तुम्हाला निवडलेली फ्रेम घालून समोर उभे केले होते का, आणि फ्रेममधल्या नमुना काचेवर बाहुलीसमोर पेनने खूण केली होती का, हे आठवून पाहावे. तसे काहीच केले नसेल, तर काच अंदाजाने बसवली आहे, आणि तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे.

काच चिठ्ठीप्रमाणे तंतोतंत निघाली, तरी दिसत नाही, असेही होते. तेव्हा प्रश्न चिठ्ठीचा असतो. चिठ्ठी बाहेरच्या डॉक्टरांची असेल तर परत त्यांच्याकडेच जावे. चांगले डॉक्टर फेरतपासणीला नकार देत नाहीत. पण नंबर त्याच दुकानात 'मोफत कॉम्प्युटर तपासणी'त काढला असेल, तर चिठ्ठीही दुकानाची आणि काचही दुकानाची, त्यामुळे दोन्हींची जबाबदारी तिथेच थांबते. यंत्रात डोके ठेवून निघालेला आकडा हा केवळ सुरुवातीचा अंदाज असतो, त्यानंतर चाचणीच्या फ्रेममध्ये काचा बदलत, "आता बरे दिसते की आधी?" असे विचारत नंबर पक्का करायचा असतो. ही दुसरी पायरी वगळली गेली असेल तर तेही तक्रारीत येऊ द्यावे.

इथे स्वतःलाही दोन प्रश्न प्रामाणिकपणे विचारावेत. मधुमेहींच्या रक्तातली साखर बरीच वाढली किंवा एकदम उतरली की चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो, त्यामुळे साखर आटोक्यात नसताना काढलेला नंबर पुढे चुकीचा वाटू शकतो आणि त्यात दुकानाचा काही दोष नसतो. वाढत्या मोतीबिंदूनेही नंबर सरकतो. लहान मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब न घालता काढला असेल तर तो जास्त मायनसचा निघण्याची शक्यता असते. आणि चष्म्याशी काही संबंध नसलेली लक्षणे, म्हणजे अचानक दिसेनासे होणे, डोळा लाल होऊन दुखणे, प्रकाशाच्या ठिणग्या दिसणे, यांपैकी काहीही असेल तर तक्रार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञाकडे जावे.

सवयीबद्दल सांगायचे तर एकनंबरी चष्म्याला काही दिवस आणि पहिल्या प्रोग्रेसिव्हला साधारण दोन आठवडे देणे रास्त आहे. प्रोग्रेसिव्हच्या कडेने पाहताना वस्तू हलल्यासारख्या दिसणे हा त्या काचेचा स्वभाव आहे, तो दोष नाही. मात्र "सवय होईल" असे उत्तर मिळाले की त्याच वेळी विचारावे, "किती दिवसांत? ते बिलावर लिहून द्याल का?" मुदतीशिवायचे आश्वासन स्वीकारू नये, कारण दरम्यान तक्रारीचे दिवस सरत असतात. माझा आग्रह तर असा आहे की काच मशीनवर मोजून चिठ्ठीशी जुळली आहे हे पाहिल्यानंतरच सवयीचा प्रश्न यावा. आईच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला आणि तीन आठवडे वाया गेले.

दुकानात बोलणे आणि लेखी तक्रार

दुकानात गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी किंवा रविवारी, जाऊ नये. सकाळी जावे, मालक किंवा व्यवस्थापक यांनाच भेटावे, आणि "चष्मा बिघडवलात" या वाक्याने सुरुवात न करता "हा चष्मा माझ्यासमोर मशीनवर लावून आकडे सांगता का?" असे म्हणावे. त्यांनी स्वतःच्या यंत्रावर मोजलेला आकडा हा तुमचा सर्वांत बळकट पुरावा असतो. मोजून झाल्यावर चिठ्ठीची प्रत समोर ठेवावी. मूळ चिठ्ठी हातची सोडू नये. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, कारण लॅबकडून आलेली काच न मोजता बसवली गेली होती हे दुकानदाराला तेव्हाच कळते.

दोन उत्तरे मात्र हमखास ऐकायला मिळतात. पहिले असे की "काच तुमच्या नंबराची कापली आहे, ती आता दुसऱ्या कोणाला चालणार नाही." हे खरे आहे, आणि फ्रेमचा रंग आवडला नाही म्हणून तुम्ही चष्मा परत करत असता तर ते पुरेसे उत्तरही ठरले असते, परंतु ऑर्डरप्रमाणे बनवायची वस्तू ऑर्डरप्रमाणे बनली नसेल, तर त्याचा भार ऑर्डर देणाऱ्यावर येत नाही. दुसरे उत्तर म्हणजे बिलावर छापलेले "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य. सदोष माल बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा म्हणून धरली आहे, म्हणून "कच्ची पावती चालेल ना" या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये. बिलावर फ्रेम, काचेचा प्रकार, इंडेक्स (काच किती पातळ होते ते ठरवणारा आकडा), कोटिंग (काचेवरचा थर) आणि नंबर हे वेगवेगळे लिहून घ्यावे. केवळ 'चष्मा, ६५०० रुपये' एवढ्याच बिलावर नंतर कोणती काच ठरली होती हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

काच बदलण्यासाठी चष्मा दुकानात ठेवावा लागला तर त्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत आणि 'काच बदलण्यासाठी जमा' असे लिहिलेली, त्यावर मोजलेले चुकीचे आकडे नोंदवलेली पावती घ्यावी. अशी पावती न घेता चष्मा दिला, तर पुरावाच दिल्यासारखे होते.

तोंडी बोलण्याने काम झाले नाही तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्यावी. ती लांबलचक असू नये आणि तिच्यात रागाचे शब्द नसावेत. नमुना म्हणून पुढील मजकूर वापरता येईल:

"महोदय, मी दि. ४ मार्च रोजी आपल्या दुकानात प्रोग्रेसिव्ह काचांच्या चष्म्याची ऑर्डर दिली व बिलाप्रमाणे १४,५०० रुपये भरले. चष्मा मला दि. ११ मार्च रोजी मिळाला. सोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत उजव्या डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर उणे १.५० व अक्ष १० आहे. दि. २० मार्च रोजी लेन्सोमीटरवर मोजले असता त्याच काचेचा अक्ष १०० आढळला. त्या मोजणीची सही-शिक्क्याची प्रत जोडली आहे. या फरकामुळे मला हा चष्मा वापरता येत नाही. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत दोन्ही काचा चिठ्ठीप्रमाणे विनामूल्य बदलून द्याव्यात, किंवा भरलेली पूर्ण रक्कम परत करावी, ही विनंती. या मुदतीत निराकरण न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का द्यायला नकार मिळाला तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. अनेक शाखा असलेल्या दुकानांच्या बाबतीत पत्राची प्रत कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवरही पाठवावी, कारण शाखेतल्या माणसाला पैसे परत करण्याचा अधिकार पुष्कळदा नसतो. प्रोग्रेसिव्ह काच बनवणाऱ्या काही कंपन्या काच न जमल्यास ठरावीक मुदतीत बदलून देतात. तशी हमी आपल्या काचेला आहे का, हे कार्डावर पाहावे आणि दुकानातही विचारावे.

चष्मा ऑनलाइन मागवला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निराकरण करायचे असते. अशा खरेदीत पीडी तुम्ही स्वतः भरला होता की कंपनीने फोटोवरून मोजला होता, हे ऑर्डरच्या पानावर असते. त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा.

तरीही दाद मिळाली नाही तर

दुकानाने दिलेल्या मुदतीत काहीच केले नाही, तर पहिला टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा आहे. १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती निकाल देत नाही. ती तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तेवढ्यानेही काम होते, पण गल्लीतल्या एकट्या दुकानाच्या बाबतीत तिचा उपयोग मर्यादित आहे. महाराष्ट्रात १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या ग्राहक संघटनांकडूनही पत्र कसे लिहावे, पुढे काय करावे याचे मार्गदर्शन मिळू शकते.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही, त्यामुळे चष्म्याची कोणतीही तक्रार विनाशुल्कच असते. वकील लावणे बंधनकारक नाही. दुकान दुसऱ्या शहरात असले तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुलाकडे मुंबईत आलेल्या आणि चष्मा तिथूनच घेऊन गावी परतलेल्या आईवडिलांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. काच तपासणीसाठी पाठवण्याची गरज आयोगाला वाटली तर तो ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून चुकीचा चष्मा निकाल लागेपर्यंत जसाच्या तसा ठेवावा. तो दुसऱ्या दुकानात नेऊन त्यात नव्या काचा बसवू नयेत. रोजच्या वापरासाठी जुना चष्मा काढावा किंवा साध्या फ्रेमवर दुसरा करून घ्यावा आणि त्याचे बिल नुकसानभरपाईच्या मागणीला जोडावे.

हजार-बाराशे रुपयांच्या चष्म्यासाठी आयोगापर्यंत जावे का, हे ज्याने त्याने ठरवावे. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचे, आणि माल तपासावा लागला तर पाच महिन्यांचे उद्दिष्ट असले तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण महागडा प्रोग्रेसिव्ह असेल, किंवा चुकीच्या काचेमुळे एखादे वयस्कर माणूस पडले असेल, तर संकोच करू नये. अशा वेळी वैद्यकीय कागद जोडून काचेच्या किमतीखेरीज झालेल्या त्रासाची भरपाईही मागता येते.

दुकानाने काच बदलून द्यायचे मान्य केले, तर नवी काच घ्यायला जातानाही चिठ्ठी बरोबर न्यावी. चष्मा तिथेच मशीनवर मोजून घ्यावा, चिठ्ठीशी एकेक आकडा ताडावा, चष्मा घालून दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत चालून पाहावे आणि प्रोग्रेसिव्ह असेल तर मोबाइलवरचा बारीक मजकूरही वाचून पाहावा. "तक्रारीचे समाधान झाले" अशी सही एखाद्या कागदावर मागितली जाते. ती हे सारे पाहून झाल्यावरच करावी, आणि सहीशेजारी त्या दिवशी मोजलेले आकडे लिहून त्याचीही एक प्रत घरी आणावी.